‘मुलगी दिली’ एवढंच म्हणायचं होतं

लेकीची सुपारी फुटायच्या दिवशी सकाळी मी धारूरच्या घाटातल्या देवीशी भांडायला गेलो होतो. भांडायला म्हणजे मनातल्या मनात. तोंडाने भांडता आलं असतं तर जायची गरजच पडली नसती. मी लहानपणापासून अडखळतो. पहिलं अक्षर दाताशी अडतं, मान ताठ होते आणि लाजेने पुढचं मी तोंडातल्या तोंडात पुटपुटून टाकतो. तेलगावच्या बाजारात नुसतं बोट दाखवून भाजी घेतो. घरचं बोलणं थोरला भाऊ करतो, मी मान डोलावतो. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको.

पण आमच्याकडे सुपारी फुटताना मुलीच्या बापाने पाहुण्यांपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने ‘मुलगी दिली’ म्हणायचं असतं. बाप हयात असताना दुसऱ्याचा शब्द धरत नाहीत. आदल्या वर्षी गेवराईकडचं एक स्थळ यातच मोडलं. मी ‘मु... मु...’ करत राहिलो आणि पाहुण्यांना वाटलं, बापाच्या मनात नाही. ते तसेच उठून गेले. लेक मला एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागलं. या वेळचा मुलगा तर तिच्या मनात भरला होता. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

गाभाऱ्यापुढे बसून म्हणालो, आई, आरती म्हणताना माझी जीभ कधी अडत नाही, मग माणसांतच कशी अडते? आजचा एक दिवस सोडव, पुन्हा काही मागणार नाही. देवी काय बोलणार! मी रागातच पायऱ्या उतरलो.

खाली चिंचेच्या सावलीत एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. त्याने विचारलं, “कुठलं गाव, पावणं?” ‘तेलगाव’मधला ‘ते’ अडला तो अडलाच. अशा वेळी लोक एक तर शब्द पुरा करून देतात, नाहीतर दुसरीकडे बघतात. दोन्हीने मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हातारा मात्र माझ्याकडे बघत स्वस्थ बसून राहिला. ओशाळून मीच ‘जाऊ द्या’ असा हात केला, तर म्हणाला, “बोला की. मेंढरं चरायलीत, मला कावून घाई असंल?”

मग मी बोललो. गाव सांगितलं, लेक, सुपारी, मोडलेलं स्थळ, सगळं अडखळत सांगितलं. त्याने एकही शब्द माझ्या तोंडातून काढून घेतला नाही. “मंग पावण्यास्नी सांगून टाका, येळ लागंल म्हून,” एवढं म्हणून तो मेंढरांमागे गेला. त्याला देवीने धाडलं की मेंढरांनी आणलं, मला ठाऊक नाही. मी पुन्हा वर गेलो आणि पायरीवर डोकं टेकलं. या वेळी काही मागितलं नाही. अडखळायचं तर अडखळू दे, पुढचं तू बघ, इतकंच मनात आलं.

दुपारी मांडवात उभा राहिलो. पहिलंच अक्षर अडलं. थोरला भाऊ सवयीने उठायला लागला, त्याला मी हाताने बसवलं. म्हणालो, “मी अ... अडखळतो. मनात हाय. पण येळ ला... लागंल.” जन्मात पहिल्यांदा हे मी चारचौघांत कबूल केलं. मग मुलाची आजी म्हणाली, “बोला, इवाई. आमी जेवूनच जाणार हावोत, लई येळ हाय!” लोक हसले, मीही हसलो. त्यानंतर ‘मुलगी दिली’ म्हणालो. किती वेळ लागला कोण जाणे, पण पुटपुटलो नाही. मागे चुलीपाशी आचाऱ्यालाही ऐकू गेलं.

सुपारी फुटली. लेक पाया पडायला वाकली, “आप्पा...” म्हणाली आणि पुढे तिला बोलताच येईना. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो. तिला घाई केली नाही. तिचं रडं आवरेपर्यंत मनात म्हणत होतो, मागितलं ते राहू दे, आई. दिलंस ते पुरलं.