गोल्फच्या काठीला भाकरीचा घास

तामलवाडीच्या आमच्या शेडात आम्ही बाया टाकून दिलेल्या जीन्स आणि जुन्या साड्यांतून गोल्फच्या काठ्यांना घालायच्या टोप्या शिवतो. पैपाहुण्यांत मी हे ऐटीत सांगते. गोल्फ मात्र आमच्यातल्या एकीनंही बघितलेला नाही.

परदेशच्या ऑर्डरचा पहिला माल तपासताना टोपीच्या अस्तरात काहीतरी कडक लागलं. उसवलं, तर भाकरीचा वाळका तुकडा! सगळ्याच टोप्यांत होता. हे काम माझ्या सासूबाईंचं, आत्यांचं; अस्तर त्याच शिवतात. वाकळ, म्हणजे गोधडी, उपाशी राहू नये म्हणून शेवटचा टाका घालायच्या आधी तिच्या कोपऱ्यात घास ठेवायची आमच्या घरची रीत.

मी भडकले. "आत्या, परदेशात जायचा माल हाय. मुंग्या लागल्या तर कोण घेईल?"

त्यांनी मान वर केली नाही. "ज्या नमुन्यावर ही ऑर्डर मिळाली, त्यो म्याच शिवला व्हता. त्यो काय उपाशी गेला व्हता व्हय?"

तरी सगळा माल मी उसवायला लावलाच.

परवा त्याच परदेशी गिऱ्हाइकांनी नवा नमुना मागितला. आज सकाळी पहिल्या भाकरीचा चतकोर मोडून मीच आत्यांच्या सुईदोऱ्याजवळ ठेवला.