वेळेआधी जागी झालेली पट्टी

मे महिन्यात नोएडातल्या आमच्या शेडमधली पाल भिंत सोडून माठाला चिकटायची. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पुढचं मात्र अक्षरशः खरं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यातली कायमची नोकरी सोडून मी इथे ‘परदेशी’ माल बनवायला आलो होतो. प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पण स्वतःचा आकार लक्षात ठेवणाऱ्या! नळीवर गुंडाळलेल्या ओल्या थरावर अतिनील दिव्याचा उजेड पाडायचा. उजेडाने आतले धागे एकमेकांत गुंततात आणि ती गुंडाळी पट्टीच्या हाडीमाशी मुरते. मग गरम करून सपाट ताणायची, तशीच थंड करायची. पुन्हा साठ अंशांचा शेक लागला, की ती आपणहून वायरच्या जोडाला विळखा घालते.

त्या आठवड्यात वीज पाहुण्यासारखी यायची. जनरेटरवर दिवा मिणमिणायचा. मी घड्याळ लावून नेहमीचीच मिनिटं मोजली आणि वहीत ‘पूर्ण उजेड’ लिहून मोकळा झालो. कारण साहेबांनी, म्हणजे दिल्लीतच वाढलेल्या आमच्या मराठी मालकांनी, बजावलं होतं, “नमुने पास, तर तू पर्मनंट. नाहीतर पुण्याची गाडी पकड, यार.”

सकाळी नमुन्यांची पेटी गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवून साहेब फरिदाबादला गिऱ्हाइकाकडे गेले. उरलेली एक पट्टी मी सहज खिशात टाकली. दुपारी पाणी पीत होतो, तर छातीपाशी काहीतरी हललं. पट्टी माझ्या पेनाभोवती वळत होती. सावकाश. सापाला घाई नसते तशी.

जवळपास ना भट्टी, ना शेगडी. मंद उजेडात अर्धवट गुंतलेली पट्टी नुसत्या उन्हाळ्यानेच जागी झाली होती. आणि साहेबांची गाडी तर भर उन्हातून गेली होती!

धावत जाऊन गिऱ्हाइकाकडे फोन लावला. साहेबांनाच बोलावून घेतलं.

“अरे, पार्टी समोर बसलीय. पेटी टेबलावर आहे.”

“उघडली का, सर?”

“नाही अजून.” त्यांचा आवाज खाली आला. “आत सळसळतंय रे काहीतरी. उंदीर भरलास का?”

माझ्या जिभेवर तीन थापा तयार होत्या. तिन्ही झकास.

“उघडू नका, सर. दिवा मंद होता. वहीत मी खोटं लिहिलंय.”

पलीकडून गिऱ्हाइकाचा अनोळखी आवाज आला, “खोलिए ना, साहब.”

रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा ठक् आवाज. पेटीची कडी.

मग कोणीतरी मोठ्याने हसलं. साहेब नव्हते ते; तोच अनोळखी आवाज होता, “अरे, ये तो अपने आप मुड़ रही हैं!”