भोंग्याची जागा

माझ्या मामाला अख्खा कारखाना भोंगा म्हणायचा. प्रेसखात्यात पत्रे ठोकण्यात जन्म गेला, त्यात कान निम्मे गेले. साधं ‘मीठ दे’ म्हणाला तरी शेजारी दचकायचे. मामी गेल्यावर घरात बोलायला भिंती उरल्या. मग रविवारचं मैदान हाच त्याचा संसार झाला आणि कारखान्याची हॉकी टीम हेच गणगोत.

या गणगोतात एक कार्टं होतं. विशीतलं, बचावफळीत खेळणारं, मामाच्याच हाताखाली प्रेसवर शिकलेलं. बाहेरगावच्या सामन्यांना आम्ही जात नसू, पण तिथे तो भिंतीसारखा उभा राहतो असं कानावर यायचं. घरच्या मैदानावर मात्र ऐन वेळी असा थिजायचा की समोरचा चेंडू घेऊन शेजारून आरामात निघून जाई. लोकांनी त्याचं नाव ‘कधीमधी’ ठेवलं होतं.

“त्यापेक्षा तिथे खुर्ची ठेवा! निदान कुणी अडखळेल तरी!” मामा गरजायचा. शिव्या घालण्यात मीही मागे नव्हतो. पण खरं सांगतो, आत जीव तुटायचा. इतकं गुणी पोर, आणि नेमकं आमच्या डोळ्यांदेखत माती खायचं.

चेंडू डीमध्ये, म्हणजे आमच्या गोलपुढच्या अर्धगोलात, शिरला की मात्र मामाच्या शिव्या थांबायच्या आणि तोंडून एकच शब्द सुटायचा, “हात!” प्रेसखात्यात ही धोक्याची हाक. ती कानावर पडली की हातातलं सोडायचं, हात मागे घ्यायचे, जागीच थांबायचं, विचार नंतर. मामाच्या डाव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली, त्या दिवशी ही हाक कुणी दिली नव्हती. तेव्हापासून ते काम त्यानं स्वतःकडे घेतलं आणि प्रत्येक नव्या पोराच्या अंगात ती हाक मुरवली.

पुन्हा एक सामना हातचा गेला. पुढच्या रविवारी असाच खेळलास तर टीममधून नाव काढणार, असं कोचनं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. मामानं त्याला कपडे बदलायच्या खोलीच्या दारातच गाठलं.

“झोपतोस काय रे मैदानात? होतं काय तुला?”

तो बुटांच्या नाड्या सोडत राहिला. “काका, रागावू नका. तुमचं ‘हात’ ऐकलं की माझे हात सुटतात. स्टिकवरून. ठरवून येतो की आज नाही, तरी सुटतात.”

मामाला ते ऐकू गेलं नाही. बिचाऱ्याला तेच पुन्हा, ओरडून सांगावं लागलं. सगळ्या खोलीनं ऐकलं.

“मग आधी का नाही बोललास?”

“कुठल्या तोंडानं बोलू? माझी दहा बोटं त्याच हाकेनं वाचलीत.”

घरी येईपर्यंत मामा डाव्या हाताची उरलेली बोटं चोळत होता. मला त्याची भीती वाटली.

पुढच्या रविवारी मामा मैदानाच्या फाटकापर्यंत आला आणि सायकल स्टँडजवळच्या कट्ट्यावर बसला. “तू जा आत. मला गप्प बसणं जमायचं नाही.”

“तोंडात बोळा कोंबू या,” मी म्हणालो. तो हसला नाही.

सामना संपत आला आणि चेंडू डीमध्ये शिरला. सवयीनं मी त्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही. कधीमधीनं स्टिक आडवी टाकली आणि चेंडू अलगद काढून घेतला. सामना आम्ही जिंकला. त्याला नावं ठेवणाऱ्यांनीच त्याला डोक्यावर घेतलं. त्यानं मान वळवून आम्ही बसायचो त्या पायऱ्यांकडे पाहिलं, मामाची रिकामी जागा दिसली आणि खाली बघितलं. मला काडीचाही आनंद झाला नाही. सगळ्यांचाच राग आला.

बाहेर मामा तसाच बसला होता.

“अडवलं त्यानं?”

“अडवलं.”

“मी ओरडलो का रे? माझं मलाच कळत नाही.”

डाव्या हाताला जेवढी बोटं उरली होती, तोंड दाबून धरल्यानं तेवढ्यांचे वळ त्याच्या गालावर उठले होते.

“नाही मामा,” मी मोठ्यानं म्हणालो.

“बरं झालं,” तो म्हणाला. “मग पुढच्या रविवारीही इथेच बसतो.”