यादीतलं 'दगडमातीचं घर'

मंडळी, आज माझ्या हातून लई वाईट झालं.

मी लातुरात कोचिंग क्लासच्या धड्यांसाठी थ्रीडी चित्रं करतो. औशाकडलं आमचं घर भूकंपात पडलं, ताई त्यातच गेली. वडलांना, म्हणजे आबांना, विचारून विचारून मी ते घर कॉम्प्युटरवर परत उभं केलं, ताईच्या खाटेसकट. पण ऑफिसच्या मॉडेलांच्या यादीत नोंद केली ती नुसती 'दगडमातीचं घर'.

सोबत काम करणाऱ्या रुबीनानं यादी बघून तेच घर भूकंपाच्या धड्यात टाकलं. आज आबा डबा घेऊन आले अन् त्यांच्यासमोरच ते स्क्रीनवर कोसळलं.

आबांनी खुर्ची धरली. "आत कुणी न्हाई ना रे?"

"न्हाई आबा," म्हणालो.

यादीत 'आमचं' एवढं लिहायला मला काय धाड भरली होती, सांगा!