वरच्या वाडीचा क्रमांक

भोईर साहेबांची माझी पहिली भेट खोपोलीच्या कार्यालयात झाली. मी रुजू व्हायला गेलो, तर साहेबांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. "जेवा आधी. सही काय पळून जात नाय." गावोगावच्या सार्वजनिक इंटरनेट जाळ्यांना सरकारी ओळख क्रमांक देणे हे आमचे काम. तक्रार, दुरुस्ती, सगळे त्या क्रमांकावरच चालते.

जागेवर जाऊन, तिथल्याच कुणाला तरी त्या जाळ्यावरून फोन लावायला सांगून मगच क्रमांक द्यायचा, हा साहेबांचा शिरस्ता. "साहेब बारसं करूनच येणार," अशी आम्ही पाठीमागे टिंगल करायचो.

पळसदरीपलीकडच्या डोंगरातल्या दोन वाड्या माझ्याकडे होत्या. खालची पाहिली, वर चढायचा कंटाळा आला. परतताना चौकच्या धाब्यावर बसून मी दोन्ही वाड्यांच्या इंटरनेटच्या पेट्या एकाच क्रमांकाखाली टाकल्या आणि साहेबांना सांगितले, वर जाऊन आलो. माझ्या शब्दावर त्यांनी सही केली.

पुढे वरची पेटी बंद पडली. तक्रार आली की त्या क्रमांकावर खालची पेटी चालू दिसे, आणि मी 'चालू आहे' लिहून मोकळा होई. वरच्या वाडीत इंटरनेटविना रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटेना, म्हणून माणसे महिनोन्‌महिने धान्यासाठी खाली उतरत राहिली.

सारख्या तक्रारी पाहून साहेब स्वतः निघाले, मला घेऊन. चढताना म्हणाले, "मागच्या वेळी कुठल्या वाटेनं आलात?" मला वाट सांगता आली नाही. वर वाडीतल्या जनीबाई गुडघा धरून बसल्या होत्या. "आमची वाडी तुमच्या कागदात हाय का नाय रं?"

साहेबांनी हात जोडले. "नव्हती, बाई. चूक माझी हाय."

पुढे लेखी ताकीदही साहेबांनीच स्वतःच्या नावावर घेतली. मला उतरताना एवढेच म्हणाले, "पाणी प्या. घाम आलाय तुमाला."

त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त सचोटीवर लिहा, असे गौरव अंकाच्या संपादकांनी कळवले. तीन मसुदे फाडले. सचोटीचा याहून मोठा दाखला माझ्याकडे नाही, आणि तो माझ्या खोटेपणातून आलेला आहे. साहेबांनी तो आजवर कुणाला सांगितलेला नाही. मला लाज वाटते.

वरच्या वाडीला स्वतंत्र क्रमांक मिळाला. जनीबाई मात्र अजून साहेबांना 'आमाला इसरलेला साहेब' म्हणतात. येत्या रविवारी मी वर चढणार आहे, जनीबाईंना खरे सांगायला. साहेबांनी ठणठणीत राहून शंभरी पार करावी. आणि त्यातला एकही दिवस यापुढे माझी चूक त्यांच्या नावावर राहू नये.