खंडेनवमीचा ब्रश

म्युझियममध्ये येणाऱ्यांना वाटतं, चित्रं आपली भिंतीवर सुखाने नांदत असतात. त्यांना काय ठाऊक, बहुतेक चित्रं मागच्या थंडगार खोल्यांत पडून असतात, आणि त्यातल्या आजारी चित्रांवर निशिकांतसारखी माणसं दिवसभर पाठ मोडून वाकलेली असतात!

निशिकांत पुण्याच्या एका बुकबाइंडरचा मुलगा. सिंगापूरच्या एका म्युझियमच्या लॅबमध्ये जुन्या कागदांची डागडुजी करायला लागून त्याला सहा वर्षं झाली होती. शहराच्या टोकाला चोआ चू कांग भागात भाड्याचा फ्लॅट, बायको स्मिता, शाळेत रमलेली आर्या, आणि दर काही वर्षांनी नव्याने मागावा लागणारा वर्क पास, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना. यंदाचा अर्ज म्युझियम याच महिन्यात पाठवणार होतं.

वडिलांनी लावलेली एक सवय त्याने सोडली नव्हती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. लॅबची हत्यारं बाहेर न्यायची नाहीत असा सक्त नियम होता, तरी हा पठ्ठ्या दरवर्षी सुरी, कागदाला घडी घालायची हाडाची पट्टी आणि बकरीच्या केसांचा रुंद ब्रश डब्यात घालून गुपचूप घरी न्यायचा. स्मिता हळदकुंकू वाहायची, झेंडूचं फूल ठेवायची. कुंकू डोळ्यांना दिसतं, म्हणून ते तो झटकून काढायचा. पाच वर्षं काही बिघडलं नाही, आणि न बिघडण्याची माणसाला फार लवकर सवय होते.

सहाव्या वर्षी बिघडलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी बंदरातल्या होड्यांचं एक शाईचं चित्र टेबलावर होतं. कागद म्हातारा होऊन पिवळा पडलेला. निशिकांतने त्यावरची धूळ ब्रशने झाडली. चित्रकाराचा तांबडा शिक्का ओला होऊन पसरू नये म्हणून त्यावर लेप द्यायचं काम लॅबमधल्या म्हाताऱ्या क्वेक अंकलचं. तीस वर्षं ते हेच करत आले होते आणि सहा महिन्यांनी निवृत्त होणार होते. मग दोघांनी मिळून कागदातलं आम्ल मारायला त्यावर चुन्याची निवळी सोडली.

शिक्क्याशेजारच्या कोऱ्या जागेत तांबडा डाग उमटला. बघता बघता रुपयाएवढा झाला.

"शिक्का पसरला," क्वेक अंकल पुटपुटले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी लेप नीट दिला नाही, लाह." वाक्याशेवटचं सिंगापुरी "लाह" तेवढं नेहमीचं होतं.

निशिकांतने वाकून पाहिलं. शिक्का जागच्या जागी होता. हळदीला चुना लागला की ती तांबडी होते, कुंकू असंच तर करतात. पण अख्ख्या लॅबमध्ये हे एकट्या त्यालाच माहीत होतं. ब्रशच्या पिवळट केसांत लपलेली हळद धूळ झाडताना त्यानेच कागदावर सांडली होती.

तोंड उघडायचा तोच क्षण होता, आणि तो त्याने घालवला. लॅबच्या प्रमुखबाई धावत आल्या, फोटो निघाले. अंकलनी अहवालावर स्वतःच्या हाताने लिहिलं, चूक माझी, नजर पूर्वीची राहिली नाही. निशिकांत शेजारी मूग गिळून उभा राहिला. याला भ्याडपणा म्हणतात, दुसरं नाव शोधू नये.

घरी त्याने स्मिताला सगळं सांगितलं.

"पास होईपर्यंत थांब रे," ती म्हणाली. "मग सांग हवं तर."

"आणि तोवर अंकलचं काय?"

"ते काय, निवृत्तच होणार आहेत ना!" बोलून गेली खरी, पण मग तिला त्याच्याकडे बघवेना.

अंकलना टेबलावरून हलवून गोदामात खोक्यांना लेबलं लावायला बसवलं होतं.  बुधवारी निशिकांत गोदामात गेला तेव्हा अंकलनी एक लेबल त्याच्यापुढे धरलं. "निशी, हा सातच आहे ना? बघ, बघ जरा." बोटभर उंचीचा ठळक सात होता तो. ज्या माणसाने केसाएवढ्या चिरा नुसत्या नजरेने शोधल्या, तो आता सातला भीत होता. निशिकांतला स्वतःची किळस आली.

गुरुवारी सकाळी त्याने स्वयंपाकघरातली हळद पुडीत बांधून घेतली. स्मिताने पाहिलं आणि दार उघडून दिलं. प्रमुखबाईंसमोर त्याने रद्दी कागदावर चिमूटभर हळद पसरली, वर निवळीचा थेंब सोडला. तांबडा डाग.

"ब्रश मी घरी नेला होता. नियम मी मोडला. डाग स्पिरिटने बराच निघेल. अंकलचा काही दोष नाही."

बाईंनी तो कागद फाइलीत ठेवला. "चौकशी होईपर्यंत तुमच्या पासचा अर्ज जाणार नाही," एवढंच म्हणाल्या. हे होणार हे त्याला ठाऊकच होतं, पण आर्याला काय सांगायचं?

तसाच तो गोदामात गेला आणि मान खाली घालून अंकलना सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. अंकल एका खोक्यावर बसले.

"म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?"

"ठीक आहेत, अंकल."

"मंगळवारी डॉक्टरही तेच म्हणाला. मग मला वाटलं, डोळे नाही, डोकं जातंय. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं." त्यांनी हातातलं लेबल बाजूला ठेवलं. "काल मुलीला सांगितलं, तुझ्या बाळाला यापुढे माझ्याजवळ एकटं ठेवू नकोस. तुझा बाप आता भरवशाचा राहिला नाही."

 

अंकलनी मुलीला लावायला फोन काढला. नंबर दोनदा चुकला. मग ते हॉकियेनमध्ये, त्यांच्या घरच्या चिनी बोलीत, बोलू लागले. त्यातलं अक्षरही निशिकांतला कळलं नाही, पण पलीकडची बाई मोठ्याने रडत होती हे कळायला भाषा लागत नव्हती. अंकल तिला समजावता समजावता स्वतःच रडायला लागले. त्याला तिथून निघायचंही सुचेना, आणि अंकलनी त्याला थांब म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.