दादाची निवृत्ती आणि माझा आग्रह

आमच्याकडे आलेला पाहुणा पहिल्यांदा "निघतो आता" म्हणाला, की आई उठून चहाचं आधण ठेवायची. पाहुण्यालाही ते ठाऊक असायचं. तो कोट घालायचा आणि कोटासकट पुन्हा सोफ्यावर बसायचा. दुसऱ्या 'निघतो'ला कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा विषय निघायचा, आणि मग दारात उभं राहून, लंडनच्या हाउन्सलो भागातली गार हवा घरभर भरून घेत, आणखी वीस मिनिटं गप्पा चालायच्या. पाहुण्याला एकदाच "बसा ना" म्हणून सोडून दिलं तर तो ते जन्मभर विसरत नाही, असं आईचं ठाम मत होतं. मी नऊ वर्षांचा असताना आम्ही नाशिकहून इथे आलो. जेवणाच्या वेळा बदलल्या, कपडे बदलले, पण हे काही बदललं नाही.

माझ्या मोठ्या भावाची फुटबॉलमधली निवृत्ती मी याच पद्धतीनं हाताळली. त्याचीच ही गोष्ट.

फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ज्यात पायाचा फारसा संबंध नसतो. ऐंशीच्या दशकात इथल्या टीव्हीवर रविवारी संध्याकाळी तो दाखवायला लागले आणि गावोगावच्या धडधाकट माणसांना वेड लागलं. आमच्या भागातल्या पंचवीसेक जणांनी मिळून टीम काढली. त्यात विमानतळावरचे लोडर होते, दोन अग्निशामक दलाचे जवान होते, एक बेकरीवाला होता. हेल्मेटं कुठून कुठून जुनी आणलेली, त्यामुळे अकरा जण उभे राहिले की चार रंग दिसायचे. कोच होता भूगोलाचा मास्तर. हा खेळ तो लायब्ररीतल्या पुस्तकावरून शिकला होता आणि शंका आली की मैदानावरच पुस्तक उघडायचा. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या बायका, फिरायला आलेली कुत्री, आणि घडीची खुर्ची, थर्मास अन् पोह्यांचा डबा घेऊन बसलेली माझी आई.

दादा या टीमचा क्वार्टरबॅक होता. लग्नाच्या पंगतीत एक काका असतात बघा, जे स्वतः फार धावत नाहीत, पण कुठल्या पानावर काय वाढायचं हे तेच ओरडून सांगतात आणि त्यांच्या हाकेशिवाय पंगत हलत नाही. क्वार्टरबॅक म्हणजे तो काका. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, मग कुणाकडे फेकायचा ते तो ठरवतो, आणि तेवढ्या वेळात समोरचे सहा-सात आडदांड लोक त्याला आडवा पाडायला धावत असतात. दादा विमानतळावर कार्गोमध्ये कामाला होता. नाशिकला तो सीमारेषेवरून थेट विकेटकीपरच्या हातात चेंडू फेकायचा, तोच हात इथे उपयोगी आला. त्यानं फेकलेला चेंडू हवेत मळसूत्रासारखा फिरत जायचा आणि पन्नास पावलांवर पळणाऱ्या माणसाच्या कुशीत पडायचा. स्थानिक पेपरात त्याचा फोटो आला तेव्हा आईनं त्याच्या बारा प्रती आणल्या.

आणि मी होतो दोन नंबरचा क्वार्टरबॅक. म्हणजे दादाला काही झालं तर खेळायचं मी, आणि दादाला काही होत नसे. मी कडेला उभा राहून कागदावर डाव टिपायचो, मध्यंतरात संत्र्याच्या फोडी वाटायचो. आपण जिंकतोय हे नक्की झालं की शेवटच्या मिनिटाला मला आत पाठवायचे. अशा वेळी क्वार्टरबॅकनं चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकायचा असतो, म्हणजे वेळ संपते. तीन वर्षं मी अत्यंत सफाईनं गुडघा टेकला.

मला एक अख्खी मॅच हवी होती. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, माझ्या हातात चेंडू. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. पण हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. थोरल्याच्या पानावर डोळा ठेवायचा नाही, हे आम्हाला जेवायला शिकवतानाच शिकवलेलं.

पहिल्यांदा दादा निवृत्त झाला तेव्हा सीझन नुकता संपला होता. चेंजिंग रूममध्ये बूट सोडता सोडता तो म्हणाला, "दॅट्स मी डन. गुडघे गेले. नेक्स्ट इयर, काउंट मी आउट."

कोच म्हणाला, "फेअर इनफ, मेट. थँक्स फॉर एव्हरीथिंग." हात मिळवला आणि चहाचे मग विसळायला निघून गेला.

घरी येईपर्यंत दादा गाडीत रेडिओची बटणं फिरवत राहिला. स्वयंपाकघरात आल्यावर मात्र फुटला. "एकदा तरी थांब म्हणावं की नाही, आई? चार वर्षं खेळलो त्याच्यासाठी. फेअर इनफ म्हणे!"

"त्यांच्यात नसते रे तशी पद्धत," आई म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. पाहुणे ताटावरून उठायला लागले की ती याच नजरेनं मला बासुंदीचं पातेलं उचलायला लावायची.

"असं काय करतोस, दादा," मी म्हणालो. "तू नसलास तर टीममध्ये राहिलं काय?"

"नाही रे. आता तू खेळ."

"मी? मला कुठे जमतंय!"

हे वाक्य मी मोठ्या आशेनं टाकलं होतं. तो म्हणेल, जमेल की, न जमायला काय झालं! तो काही म्हणाला नाही. मी आणखी दोनदा आग्रह केला आणि तिसऱ्या वेळी त्यानं मानलं. हलवून खुंटा बळकट म्हणतात ते हेच, मी मनात म्हणालो. आईनं मात्र माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी पुन्हा वर्षभर संत्री वाटली.

त्याच वर्षी दादाचं लग्न झालं आणि तो पिनरला राहायला गेला. वहिनी हॉस्पिटलच्या फार्मसीत होती. सीझनच्या शेवटी एका मॅचमध्ये दादा दोन लोडरांइतक्या वजनाच्या एका माणसाखाली सापडला. उजव्या खांद्यावर पडला, उठला, हसला आणि पुढचा पासही टाकला. पण त्या ऑटममध्ये तो पुन्हा म्हणाला, "आता मात्र खरंच सोडलं."

या वेळी इथल्या मराठी मंडळानंच मनावर घेतलं. वेम्बलीच्या हॉलमध्ये दिवाळीच्या कार्यक्रमात दादाचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. अध्यक्ष काकांनी "बेसबॉलमधील उज्ज्वल कामगिरीबद्दल" त्याचं कौतुक केलं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा शाल पांघरून हसत उभा होता. मी मागच्या रांगेत मोठमोठ्यानं टाळ्या वाजवत होतो, कारण शाल घेतलेला माणूस परत येत नाही, असा माझा हिशेब होता. दुसऱ्या दिवसापासून मी कौन्सिलच्या बागेत एका झाडाला टायर टांगून त्यातून चेंडू फेकायला सुरुवात केली. दहातले सात आरपार जायला लागले.

मग फेब्रुवारीतला एक रविवार आला. दादा आणि वहिनी जेवायला आले होते. बोलता बोलता दादा म्हणाला, "पुढच्या आठवड्यापासून ट्रेनिंग ना? यंदा मी नाही हं. कोचला सांगून टाक."

आईची ती नजर. सवयीनं माझं तोंड आपोआप उघडलं. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी असा आग्रह केला की आईनंही कधी केला नसेल. मी म्हणालो, दादा, तुझ्याशिवाय आम्ही मॅच कसली जिंकतोय. मला समोरचे लोक धावत आले की काही दिसत नाही, दादा. एकच वर्ष, दादा. यातलं एकही अक्षर खरं नव्हतं. सगळा तोंडदेखला कारभार. पण ऐकणाऱ्याला ते कसं कळणार?

दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी ताटातल्या वरणभाताकडे पाहत होती. "बघू," तो म्हणाला. आणि एप्रिलमध्ये मैदानावर हजर झाला.

मंडळातले लोक चेष्टा करायचे, "काळजी करू नकोस रे, आम्ही शाल परत मागणार नाही." दादा हसायचा. मी नाही हसायचो. त्या उन्हाळ्यात मी त्याला मनातल्या मनात इतकी नावं ठेवली की काही विचारू नका. याला सोडवत नाही. याला पेपरात फोटो पाहिजे. धाकट्याचं काय होतंय याची याला पडलेलीच नाही. मॅचच्या आधी वहिनी त्याला दोन गोळ्या आणि पाण्याची बाटली द्यायची, खांद्याला पट्टी बांधायची, तेही मला नाटकच वाटायचं. तो पूर्वीइतका लांब फेकत नव्हता. जवळचे, छोटे पास टाकत होता. म्हातारा झालाय, मी म्हणायचो. तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

पुढच्या हिवाळ्यात, पुन्हा एका रविवारी, मटणाचं जेवण चालू असताना दादा तिसऱ्यांदा म्हणाला, "यंदा नाही खेळत मी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडातला घास नीट चावला, गिळला आणि म्हणालो, "बरं."

आईच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला. मग वहिनीनं विचारलं, "पिनरच्या रस्त्यावर बर्फ असेल का हो आता?" आणि आम्ही सगळे बर्फावर बोलायला लागलो. दादा नेहमीपेक्षा लवकर निघाला, आणि मी त्याला थांब म्हणालो नाही.

त्या दिवसापासून आईनं माझं जिणं हराम केलं. "मोठ्या भावाला 'बरं' म्हणतात? एवढंही शिकवलं नाही का मी?" मी ताट घेऊन उठायचो. दादा रविवारी यायचा, जेवायचा, पण फुटबॉलचा विषय काढत नसे. रागावलाय, मला वाटायचं. रागावू दे. कोचनं मात्र सरळ सांगितलं, "राइट, यू आर अप, सन," आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

पहिल्या मॅचच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी तयार झालो. शिट्टीला पंधरा मिनिटं असताना कार पार्कच्या बाजूनं दादा येताना दिसला. खांद्यावर किटबॅग. पायात बूट.

टीममधल्या दोघा-तिघांनी आनंदानं आरोळी ठोकली. कोचनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "सॉर्ट इट आउट बिटवीन यू," म्हणाला आणि पलीकडे निघून गेला.

"आईचा फोन आला होता," दादा म्हणाला. "म्हणाली, तू घाबरलायस. 'बरं' म्हणालास ते रागानं म्हणालास, पण तुझं काही खरं नाही. खेळू का मी? एवढी एक मॅच?"

काय बोलायचं ते मला पाठ होतं. लहानपणापासून पाठ होतं. आई पलीकडे खुर्ची उघडत होती आणि तिचं सगळं लक्ष आमच्याकडे होतं. भीड भिकेची बहीण, हे तिचंच वाक्य. ते ती आम्हाला सांगायची आणि स्वतः एकदाही पाळायची नाही.

"नको," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "दादा, मला खेळायचंय. मला पहिल्यापासूनच खेळायचं होतं."

त्यानं बॅग खाली ठेवली. "पहिल्यापासून?"

"हो."

"मग गेल्या वर्षी मला कशाला थांबवलंस?"

"तुला थांबायचं होतं ना! म्हणून तर..."

"मला?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "पहिल्या वेळी होतं, कबूल. पण गेल्या वर्षी? अरे, डॉक्टरनं सांगितलं होतं, आणखी एक सीझन खेळलास तर हा खांदा विसर. मी शाल घेतली ती खरीच घेतली होती. तू म्हणालास, समोरून लोक धावत आले की मला काही दिसत नाही. मला वाटलं, पोरगा खरंच घाबरलाय, एखादं हाड मोडून घेईल. म्हटलं एक वर्ष सांभाळून घेऊ."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसायला लागला. बॅगेवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "काय माणसं आहोत रे आपण!" म्हणाला. मग माझ्या हेल्मेटवर डाव्या हातानं टपली मारली. "जा. आणि चेंडू सोडताना मान वर ठेव, तू खाली बघतोस."

माझे पहिले चार पास गवतात पडले. पाचवा पडला तो कुत्र्याजवळ. मध्यंतरानंतर मी मान वर ठेवली, आमचा एक अग्निशामक जवान कडेनं पळताना दिसला, मी हात फिरवला आणि चेंडू त्याच्या कुशीत गेला. तो थेट शेवटच्या रेषेपलीकडे जाऊनच थांबला. टचडाऊन. कडेला उभे असलेले सगळे दोन्ही हात आकाशाकडे ताठ करून ओरडले. टीव्हीवर बघून शिकलेली ही पद्धत सगळ्यांच्या आवडीची होती. आईनंसुद्धा थर्मासचं झाकण हातात धरून दोन्ही हात वर केले.

दादाही ओरडत होता. त्याचा डावा हात पार वर गेला होता. उजवा छातीपर्यंत आला आणि अडकला. त्यानं डावा खाली घेऊन उजव्या कोपराला आधार दिला, थोडा वर ढकलून पाहिला. गेला नाही. मग त्यानं तो सोडून दिला आणि एकाच हातानं माझा जयजयकार करत राहिला.

तो हात पुढे कधीच वर गेला नाही. ते एक वर्ष मी त्याच्याकडून आग्रह करकरून घेतलं होतं, आणि मला ते नकोच होतं.